पेनड्राइव्हचं सोंग

दुरुस्तीवाल्या वहिनीला नुसतं 'जमणार नाही' म्हटलं की झालं, ती कंबर कसते. तिच्या नणंदेनं नेमकं तेच म्हटलं. नणंद दवाखान्यात नर्स, लसींचा फ्रिज तिच्या ताब्यात. हातातलं काम टाकून सारखं त्याचं तापमान बघायला पळायचं. वहिनी म्हणाली, कॉम्प्युटरवरच दिसेल असं करू.

"नवा प्रोग्रॅम टाकायला बंदी आहे, वहिनी. फक्त पेनड्राइव्ह चालतो. जमणार नाही."

"मग पेनड्राइव्हच होऊ या."

आणि बाईनं केलं की हो! साबणाच्या डबीत सर्किट बसवलं. एक वायर फ्रिजमध्ये, दुसरी कॉम्प्युटरला. कॉम्प्युटरला वाटायचं, साधा पेनड्राइव्ह लागलाय. आत एकच फाइल. उघडली की फ्रिजचं तापमान. डबी सोंग घेऊन बसलीय, याचा त्या मठ्ठाला पत्ताच नाही. नणंद साऱ्या दवाखान्यात सांगत सुटली, "आमच्या वहिनीचं डोकं बघा."

दुसऱ्याच दिवशी लसीकरण होतं. बाहेर बाकांवर आया बाळांना घेऊन बसलेल्या. नणंदेनं फाइल बघितली: चार अंश, अगदी हवं तेवढं. डबी कशी चालते ते बघायला वहिनीही आली होती. तिनं फ्रिज उघडून आत हात घातला आणि तिचा चेहराच उतरला. आत गारवा नव्हता. मागचा प्लग कधीचा निसटला होता आणि फाइल चारच सांगत होती.

वहिनीच्या लगेच ध्यानात आलं. पेनड्राइव्हमधला मजकूर आपोआप बदलत नाही, अशी कॉम्प्युटरची पक्की समजूत. काल संध्याकाळी वाचलेलं त्यानं लक्षात ठेवलं आणि तेच दाखवत राहिला. डबीला पुन्हा विचारलंच नाही. सोंग इतकं हुबेहूब वठलं की अंगाशी आलं.

नणंद रडकुंडीला आली. "फ्रिज बिघडला एवढंच सांगू. डबीचं नाव काढलंस तर तुझ्या दुकानात कोण पाऊल ठेवेल?"

दुकानाचं बोलली ते खोटं नव्हतं. तरी वहिनी बाहेर जाऊन बाकांसमोर उभी राहिली. "माझ्या डबीनं चुकीचं तापमान दाखवलं. लस खराब झालीय, आज कुणालाच टोचायची नाही. चूक माझी, नर्सबाईंची नाही." मग बोलणी खाल्ली तिनं, चांगली पोटभर. असं काळीज सगळ्यांकडे नसतं हो.

घरी जाऊन तिनं डबीला नवी सवय लावली: दर थोड्या वेळानं आपण निघालो असं कॉम्प्युटरला कळवायचं, आणि लगेच पुन्हा लागलो असंही. नवा पेनड्राइव्ह आला समजून तो बापडा फाइल नव्यानं वाचतो.

पुढच्या लसीकरणाला जायची तिला लाज वाटत होती, तरी गेली. मागच्या वेळी तिला सगळ्यांत जास्त बोललेली आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. नणंद सुई भरायला लागली, तशी त्या आईनं बाळाचा दंड झाकून धरला.

"दुरुस्तीवाल्या बाईंनी फ्रिज स्वतः बघितलाय ना? असेल तरच टोचा."