नितळ पाणी आणि उदगीरकर सर

उदगीरकर सर दरवर्षी पहिल्या तासाला सगळ्या खिडक्या उघडायला लावत, आम्हाला मागच्या बाकांवर पाठवत आणि काचेच्या भांड्यातल्या पाण्यात थायोनिल क्लोराइडचे दोन थेंब टाकत. चर्रकन आवाज, पांढरा धूर, नाकाला झोंबणारा वास. मग पाणी पुन्हा नितळ.

"कुठं गेलं रे?"

"संपलं, सर," म्हणणाऱ्याच्याच हातात ते निळा लिटमस कागद देत. पाण्यात बुडवताच तो लाल होई. "नाव गेलं बाबा. आम्ल राहिलं."

हे डोळ्यांनी पाहूनही मी चुकलो.

परवान्यांची बंधनं सैल झाली आणि हैदराबादबाहेर औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने उगवले. त्यातला एक आपलं खराब झालेलं थायोनिल क्लोराइड, म्हशी पाळणाऱ्या मल्लम्माच्या विहिरीलगतच्या ओढ्यात ओतत राहिला. "भैंसां मूं नै लगारे, सारू," ती म्हणाली; म्हशी पाण्याला तोंड लावत नव्हत्या. मी तडक प्रदूषण मंडळाकडे अर्ज लिहिला: विहिरीत थायोनिल क्लोराइड आहे का, तपासा. नामपल्लीला पत्रकं वाटायला मला वेळ होता. नल्लकुंट्याला सरांच्या घरी जाऊन अर्ज दाखवायला नव्हता.

सुनावणीत अहवाल वाचला गेला: आढळले नाही. "पाण्यात ते काही मिनिटांत नष्ट होतं," कारखान्याचा तज्ज्ञ हसत म्हणाला. हे खोटं नव्हतं, याचाच संताप येतो. मी चुकीचं विचारलंय हे त्या शिकलेल्या माणसाला कळत होतं. अर्ज निकाली निघाला.

सर आधी माझ्यावरच बरसले. "मेलेल्याचा पत्ता विचारलास, ते नाही म्हणाले. त्यानं मागं काय ठेवलं ते विचारायचं की! लिही: आम्ल, क्लोराइड, सल्फेट."

नवा अर्ज घेऊन ते स्वतः मंडळाच्या कचेरीत आले. साहेब म्हणाले, "या विषयावर निर्णय झालाय." सरांनी पिशवीतून, मल्लम्माकडे जाऊन स्वतः भरून आणलेली विहिरीच्या पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"नष्ट झालंय ना? मग ह्याचा चहा करा. मी पण घेतो."

साहेबांनी बाटली बोटानं लांब सारली. अर्ज तेवढा ठेवून घेतला.

त्याची सुनावणी लागण्याआधीच सर गेले. काकूंनी त्यांची लिटमसची वही माझ्याकडे दिली. पुढं विहिरीवर गेलो तेव्हा मल्लम्मानं माझ्या मागं पाहिलं.

"बडे सारू नै आए?"

वहीतला एक निळा कागद फाडला, पोहऱ्यात बुडवला आणि तिच्या हातात दिला. लाल.