चौदा गोधड्यांचा विटाळ

गावातले मास्तर मला सुधारक बाई म्हणतात. आमच्या घरात बाहेरची झालेली बाई गोठ्याच्या पडवीत निजत नाही, आत घरात निजते, हे तापीकाठच्या चार गावांत आधी आमच्या घरी सुरू झालं आणि ते मी केलं, म्हणून. मी त्यांना काही सांगत बसत नाही. इथे मात्र खरं लिहिते. सुधारणा कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. मी ते निव्वळ सूड म्हणून केलं, सासूच्या नाकावर टिच्चून केलं, आणि त्यातही मला हवं होतं ते मिळालं नाही.

आता आमच्या घरी थंडीचं एवढं काही वाटत नाही. दारांना नीट फळ्या बसल्यात, माजघरात पत्र्याची शेगडी आहे, मुलाने गिरणीतली दोन ब्लँकेटं आणलीत. लढाईत कापड रेशनवर गेलं तेव्हा गोधडीला जुनं लुगडं मिळेना, तरी कोणी कुडकुडत निजलं नाही. सून शाळा शिकलेली आहे, तिनेच मला लिहायला शिकवलं. ती पौषात अंगात स्वेटर घालून भाकरी थापते आणि वर म्हणते, यंदा फार गारठा आहे. मी तिच्याकडे बघत राहते.

मी नांदायला आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. निघताना आईने माझ्या बोचक्यात एक काळी घोंगडी बांधली होती. धनगराकडून मुद्दाम विणून घेतलेली, जाड, नवीन, मेंढीचा वास येणारी. ती देताना आई हळूच म्हणाली, "लोकरले इटाय लागत नही, पोरी. त्या दिसमा हाईच पांघरजो." सुती कापडाला बाहेरच्या बाईचा हात लागला की ते धुवावं लागतं, लोकरीला लागत नाही, हे तेव्हा लहान पोरीलाही माहीत असे. आईनेही तिच्या सासरी ती तीन दिवसांची थंडी काढली होती. मुलीला काय लागेल ते तिला बरोबर ठाऊक होतं.

पहिल्याच संध्याकाळी सासूने बोचकं सोडलं. लुगडी बाजूला ठेवली, डिंकाचे लाडू डब्यात गेले, आणि घोंगडी तिने उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग स्वतःच्या खाटेवर अंथरली. मी नवी नवरी, खाली मान घालून बसलेली. तरी तोंडातून निघून गेलं की ती आईने त्या दिवसांसाठी दिलीय. सासूने माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, "वहूले कसाले पाहिजे घोंगडी? तठे ढोरेसनी ऊब शे."

तठे म्हणजे गोठ्याशेजारची पडवी. तीन बाजूंनी कूड, चौथी बाजू उघडी, आणि ती उघडी बाजू नेमकी उत्तरेला. सातपुड्यावरून सुटलेला वारा तापी ओलांडून थेट आमच्या पडवीत मुक्कामाला येई. निजायला एक तरट आणि पांघरायला दुसरं तरट. ढोरांची ऊब ढोरांना असते, बाईला नसते, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले. गाय उठून उभी राहिली की तिच्या पाठीवरची वाफ वर जाते, खाली फक्त शेणाचा ओलावा उरतो. त्यात चौथ्या दिवशी अंधारातच डोक्यावरून पाणी घ्यायचं, तेही गार, कारण बाहेरच्या बाईसाठी चूल कोण पेटवणार?

त्या दिवसांत कापूस वेचायला मोलगीकडच्या डोंगरातली माणसं आमच्या शेतात मुक्कामाला असत. पऱ्हाटीच्या काड्यांची मोठी शेकोटी करून तिच्याभोवती निजत. घर नाही, दार नाही, पण त्या बाया सकाळी हसत उठत. त्यातल्या एकीने मला पडवीत बसलेली पाहिलं आणि खुणेने सांगितलं की कडबा अंगावर नको घेऊस, अंगाखाली जाड अंथर, गारठा जमिनीतून येतो. आमच्या घरात अठरा माणसं, घराच्या एका खोलीत आढ्यापर्यंत कापूस, आणि मला ही गोष्ट सांगायला बाई डोंगरातून यावी लागली.

घोंगडी मला रोज दिसे. रोज सकाळी सासू ती झटकून घडी करायला मलाच सांगे. मी झटकायचे, घडी घालायचे, खाटेच्या उशाशी ठेवायचे. पडवीत असले की समोरच्या झरोक्यातून तिचं काळं टोक दिसे. मी दात खात पडून राही. मला नवऱ्याचा राग नव्हता, तो बिचारा आईपुढे तोंड उघडत नसे. त्याला मी कधीच हिशेबात धरलं नाही. माझा सगळा राग एकाच जागी गोळा होत होता.

तिसऱ्या हिवाळ्यात धाकटी जाऊ आली. सशासारखी, अंगावर मूठभर मांस नाही. पौषात ती पहिल्यांदा पडवीत गेली आणि चौथ्या दिवशी न्हाऊन आत आली ती खोकतच. सासू म्हणाली, नाटकं. मी म्हटलं, घोंगडी तिला द्या, लोकरीला विटाळ नाही. सासू म्हणाली, देवघराच्या भिंतीला टेकून निजते मी, माझ्या अंगावरची वस्तू पडवीत जायची नाही. आता घोंगडीला देवघराचाही टेकू मिळाला होता. त्या दिवशी मी ठरवलं की हिला आणि हिच्या घराला एकदा थंडी म्हणजे काय ते दाखवायचं.

माझी पाळी माघाच्या सुरुवातीला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूने अंगणात खाटा उभ्या-आडव्या करून घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या उन्हात टाकल्या होत्या. चौदा होत्या, मी मोजल्या. मी पडवीत, अंगणात यायची मला बंदी. सासू आत जात्यावर होती. मी उठले, पदर खोचला आणि सरळ अंगणात गेले. पहिल्या गोधडीवर दोन्ही हात ठेवले. मग दुसरीवर. घाई केली नाही. एकेकीवर हात दाबून ठेवत गेले, मोठ्या दिराची, सासऱ्यांची, नणंदांची, माझ्या नवऱ्याचीसुद्धा. ऊन खाल्लेल्या गोधड्या हाताला इतक्या मऊ आणि उबदार लागत होत्या की एकीवर मी गालही टेकवला.

जातं थांबलं आणि सासू दारात आली.

"काय करी ऱ्हायनी तू? हात काढ!"

"गोदड्या तापन्यात का ते देखी ऱ्हायनू," मी म्हटलं, आणि चौदावीवर हात ठेवला.

ती जी ओरडली ती नदीपर्यंत ऐकू गेली असेल. शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावल्या. आता झाकणंही शक्य नव्हतं, साऱ्या गावाने पाहिलं होतं. चौदाच्या चौदा गोधड्या बाटल्या होत्या, आणि एकीलाही धुतल्याशिवाय घरात घेता येत नव्हतं. माघात गोधडी धुवायची म्हणजे काय, हे ज्याने धुतली त्यालाच कळेल. ओली गोधडी दोघींना उचलत नाही. आणि त्या उन्हात ती वाळायला तीन दिवस घेते, मधे धुकं आलं तर चार.

शिक्षा म्हणून त्या मलाच धुवायला लावल्या. तशाही त्या मी बाटवल्याच होत्या, आणि वाळल्यावर वरून गोमूत्र शिंपडलं की त्या घरात घेता येणार होत्या. तापीच्या पाण्यात मांडीपर्यंत उभी राहून मी त्या आपटल्या. बोटं निळी पडली, नखांच्या कडा फुटल्या. पण खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आज सगळ्यांनी तरटं पांघरा. आज ढोरांची ऊब घ्या. मी काठावर गोधड्या पसरत होते आणि मनात एकेकाला निजवत होते.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून साफ निसटली होती. मी मोजल्या त्या गोधड्या. घोंगडी त्यात नव्हती, आणि असती तरी काय फरक पडला असता? लोकर विटाळत नाही. तीन वर्षं मी जो नियम जपमाळेसारखा घोकत होते, तो ऐन वेळी विसरले. घरातली सतरा माणसं त्या तीन रात्री बारदान, धोतरं, जुनी लुगडी अंगावर ओढून चुलीभोवती गोळा झाली. आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला, ती माझ्या आईची घोंगडी डोक्यावरून घेऊन खुशाल घोरत होती.

दुसऱ्या सकाळी सासरे तिच्या खाटेपाशी उभे राहिले. त्यांचे डोळे तांबारले होते. "घरभर दात वाजी ऱ्हायनात," ते म्हणाले, "आन तुले बरी जप लागनी!" तिच्या त्या झोपेवरचा राग मी पडवीतून ऐकत होते. मला वाटलं, आता विचारतील, ही घोंगडी कोणाची. आता निवाडा होणार. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी घोंगडी उचलली, खांद्यावर टाकली आणि शेतावर राखणीला जाताना घेऊन गेले. पुढे ती शेतातल्या खोपटातच राहिली आणि दोन-तीन वर्षांत उंदरांनी तिची चाळण केली. सासूची ऊब गेली याचा आनंद मला झाला, पण माझीही गेलीच की. जाऊ त्या थंडीत तापली, आठ दिवस अंथरुणाला खिळली. तिचे पाय धरून मी माफी मागितली. तिची एकटीचीच. बाकी कोणाची मागितली नाही, आजही मागणार नाही.

त्यानंतर सासूने मला आयुष्यभर धारेवर धरलं आणि मी तिला. सासरे गेले, मोठे दीर वेगळे झाले, नणंदा सासरी गेल्या, किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. सासू म्हातारी झाली. पायातलं बळ गेलं, डोळे गेले, अंगावर कातडं आणि हाडं. जिला आयुष्यात थंडी ठाऊक नव्हती, तिला आता दसऱ्यापासूनच हुडहुडी भरे. मी तिला उपाशी ठेवलं नाही, उघडं ठेवलं नाही. लोक बघत होते आणि मला लोकांकडून बोल नको होता. तिच्या अंगावर दोन गोधड्या, वर ब्लँकेट, खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं. पण माझं देणं अजून फिटलं नव्हतं, आणि ते कसं फेडायचं हे मी बरीच वर्षं योजत होते.

मुलाचं लग्न झालं. सून आली. पहिल्याच पौषात ती बाहेरची झाली आणि रिवाजाप्रमाणे आपलं अंथरूण घेऊन पडवीकडे निघाली. मी तिला दारात अडवलं. म्हटलं, तू आत निजायचंस. आणि कुठेही नाही, आजीच्या खाटेवर, आजीच्या गोधडीत. पोरगी घाबरली. मी म्हटलं, माझ्या शब्दाबाहेर जायचं नाही. म्हातारीला दिसत नव्हतं, तिला काही सांगायचं नाही असं मी बजावलं. देवघराच्या त्याच भिंतीला टेकून, तिच्याच पांघरुणात, रात्रभर विटाळ. सकाळी मी स्वतः जाऊन सांगणार होते. ती कशी किंचाळेल, अंगावरची गोधडी कशी फेकेल, या थंडीत गार पाण्याने न्हायला कशी मागेल, हे सगळं मी मनात शंभरदा पाहून ठेवलं होतं. आणि मी तिला पाणी काढून देणार होते. गार.

उजाडल्यावर सून अंघोळीला गेली. मी खाटेपाशी गेले आणि रात्रभर तिच्याजवळ कोण निजलं होतं ते सावकाश सांगितलं, "माय, वहू बाहेरनी शे. रातभर तुम्हना जोडे व्हती."

म्हातारी हलली नाही. गोधडी हनुवटीपर्यंत तशीच होती.

"मले माहीत शे," ती म्हणाली. "बिचारी काठले पडेल व्हती. मीच तिले जोडे वढी लिन्ही. पोरनं आंग गरम व्हतं." आणि थोड्या वेळाने, "आज राती बी तिले आठेच निजू दे."

तीस वर्षं साठवलेली गोष्ट तिने गोधडीसारखी अंगावर ओढून घेतली होती. मी खाली जमिनीवरच बसले. मला रडू येत होतं आणि तिच्यापुढे ते मला येऊ द्यायचं नव्हतं.

"मंग मन्ही येळले तुम्हले हाई काबर नही सुचनं?" मी विचारलं. "मी बी पोरच व्हतू ना?"

मला वाटलं, आता म्हणेल, चुकलं माझं. किंवा म्हणेल, माझ्या सासूनेही मला असंच ठेवलं होतं. दोन्हींसाठी माझ्याकडे उत्तरं तयार होती.

"तवय मले हिव वाजे नही," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरची पडवी रिकामी आहे. म्हातारी पुढे दोन हिवाळे काढून गेली, दर महिन्याला ते तीन दिवस सुनेला मागून घेत. मास्तरांना यातलं काही माहीत नाही. तेव्हा तिला थंडी वाजत नव्हती, हे ती त्या सकाळी खरं बोलली होती, ते मला तिच्या आवाजावरूनच कळलं. खोटंच, चुकलं माझं, असं म्हणाली असती तर मी कदाचित तिला माफ केलं असतं.