दाढीच्या आरशामागे

उंदराला आमच्या घरात मान मिळतो तो गणपतीत, आणि तोही मातीच्या उंदराला. त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या लेकीने हॉस्टेलवाल्यांना नको झालेली पांढरी उंदरीण आणून माझ्या हातात दिली, तेव्हा मी कपाळाला हात लावला. आठ दिवसांत मीच तिच्यासाठी काकडीचे पातळ काप करायला लागले, ती गोष्ट वेगळी.

पण ती खाईना. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसायची. शेवटी गुरांच्या डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, "आजार काही नाही. ही एकटी राहणारी जात नव्हे. तुम्ही कितीही लाड करा, तिला तिच्यातलीच सोबत हवी."

आमचे हे बोटीवरचे. तीस वर्षं, दरवर्षी नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. नुकतेच निवृत्त होऊन आले होते, तोवर कंपनीने आणखी एका फेरीसाठी विचारलं. महिनाअखेर कळवायचं होतं. "जाऊ काय?" असं ह्यांनी विचारलं, तेव्हा मी ऐटीत म्हटलं होतं, "जा की. मला सवय आहे."

"दुसरा उंदीर कशाला गो?" म्हणत ह्यांनी आपला दाढीचा आरसा पिंजऱ्यात टेकवून ठेवला. उंदरीण धावत आली. काचेला नाक लावलं.

"बघ, रमली!" हे खूश.

मग ती आरशामागे गेली. पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. सकाळभर तिचं तेच चाललं होतं. दुपारी ती आरशाकडे पाठ करून बसली.

मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलेली कोळंबी सोलत होते. मला एकदम रडूच आलं.

"अगो, काय झालं?"

"मीपण हेच केलंय. तुमचा व्हिडिओ कॉल संपला की फोनच्या काळ्या काचेकडे बघत बसायचे. त्यात मीच दिसायचे. सवय आहे म्हटलं ते खोटं. नका जाऊ."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

"बोलून घर चाललं असतं?"

ह्यांनी उठून पिंजऱ्यातला आरसा काढून घेतला. शनिवारी एसटीने कोल्हापूर गाठून दुसरी उंदरीण घेऊन आले. एकदम एकत्र सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून पिंजरे शेजारी शेजारी ठेवले. पहिले दोन दिवस दोघी नुसत्या फिस्कारल्या. मग जाळीतून नाकाला नाक लागलं. आठवड्याने एकत्र सोडल्या, तर नवी आमच्या उंदरिणीची मान चाटायला लागली आणि आमची बाई डोळे मिटून स्वस्थ. संध्याकाळी दोघींच्या वाटणीची काकडी तिने एकटीने फस्त केली. मला इतका आनंद झाला की पुण्याला फोन लावून सांगितलं.

महिना संपला होता. कंपनीला काय कळवलं, हे मी विचारलं नाही. धीरच होत नव्हता. ह्यांनी ट्रंक उघडून बोटीवरची लोकरीची टोपी काढली. थंड समुद्रात तिच्याशिवाय डेकवर पाऊल टाकता येत नाही, असं मी तीस वर्षं ऐकत आले होते. ती ह्यांनी पिंजऱ्यात ठेवली. दोघी आत शिरल्या आणि एकमेकींच्या अंगावर पडून झोपल्या.

"अहो, कुरतडतील की."

"कुरतडूदेत. मला आता कशाला लागते?"