अकोल्याच्या जमादारामागून मोटारीनं

मला हळू चालणारी माणसं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मी जेवतो भरभर, बोलतो भरभर, आणि अमरावतीच्या कचेरीत माझं उलटतपासणीचं काम संपतं तेव्हा साक्षीदाराला प्रश्न अजून कळायचा असतो. त्यामुळे बार्शीटाकळीचा महादेव माळी माझ्या ओट्यावर येऊन म्हणाला, "वकीलसाहेब, अकोल्याच्या कमिटीनं मोटारी हळू चालवाचा नियम काढला, तो मोडून द्या," तेव्हा मी पंचांग न बघता हो म्हटलं.

महादेवची पिढ्यान्‌पिढ्या फुलांची आणि भाज्यांची वाडी. वर्षापूर्वी त्यानं बैलजोडी विकून जुनी मोटार घेतली होती. झेंडू, शेवंती, वांगी भरून तो पहाटे निघे आणि पूजेच्या वेळेआधी अकोल्याच्या बाजारात पोचे. नव्या नियमामुळे तो गावात शिरेपर्यंत लोकांच्या पूजा होऊन नैवेद्य दाखवून झालेले असत. नियम राहिला तर मोटार विकून पुन्हा बैलांमागं बसणं त्याच्या नशिबी होतं. सुनावणी मंगळवारी चार वाजता होती. तो स्वतःच मोटार घेऊन मला न्यायला आला.

या रस्त्यानं जायचा कुणाचा बेत असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सकाळी सातला निघावं, उन्हाच्या आत निम्मी वाट सरते. बडनेऱ्यापर्यंत रस्ता गुळगुळीत आहे, पुढं मुरूम उखडलेला आहे, तिथं बोलू नये, जीभ चावली जाते. मूर्तिजापूरला मोटारीला पाणी पाजावं आणि आपण भजी खावीत. भजी तिखट आहेत, पण मोटार थंड होईपर्यंत दुसरा उद्योग नसतो. काटेपूर्णेच्या काठी कडुनिंबाची गर्द सावली आहे. तिथं महादेवच्या बायकोनं बांधून दिलेली भाकर आणि ठेचा आम्ही खाल्ला. महादेव मोटार झकास हाणत होता. वारा कानात शिरत होता, आणि माणसानं हळू कशासाठी जावं यावर माझं भाषण मनातल्या मनात तयार होत होतं. दीड वाजता आम्ही अकोल्याच्या नाक्यावर पोचलो. अडीच तास हातात होते.

नाक्यावर नियमाची पाटी होती. गावाच्या हद्दीत मोटारीनं चालत्या माणसापेक्षा जोरात जाऊ नये. वाचायला सोपं वाटतं. पण चालता माणूस कुठला, यावर म्हणे कमिटीत तीन बैठका झाल्या. पैलवान वेगळा चालतो, पोटुशी बाई वेगळी. शेवटी तोड निघाली की कमिटीनंच एक माणूस नेमावा आणि प्रत्येक मोटारीनं त्याच्या मागून यावं. तो माणूस म्हणजे काशीराम जमादार. साठीला टेकलेला, खाकी कोट, हातात लाल फडकं. आणि तो अख्ख्या अकोल्यात एकच होता.

"जमादार कुठं आहे?" मी विचारलं.

नाकेदार म्हणाला, "एका मोटारीले सोडाले गेला. येऊन राह्यला वापस."

तो परत यायला पाऊण तास लागला. आल्यावर त्यानं पाणी प्यायलं, तंबाखू मळली, मग गुडघा चोळला.

"दुखतो काय?" महादेवनं विचारलं.

"दुखते बापा. काल बरा होता, त काल गाव जरा जोरात चाललं."

आम्ही निघालो. पुढं जमादार, मागं आम्ही, आणि आमच्या मागं आणखी एक मोठी काळी मोटार येऊन लागली. महादेवची मोटार खोकत, थांबत, पुन्हा खोकत चालली. एक ओळखीचा दलाल पायरीवर चढून बसला, शंभर पावलं आला आणि उतरला.

"काहून रे?" महादेवनं विचारलं.

"मले घाई आहे," म्हणाला, आणि आमच्यापुढं निघून गेला.

पण खरी आफत वेगळीच होती. आपल्या वऱ्हाडात ओळखीचा माणूस दारावरून गेला आणि बसला नाही तर राग येतो. जोरात जाणाऱ्या मोटारीला यातून माफी असते. आमची मोटार प्रत्येक दारापुढं इतका वेळ असायची की लोकांना वाटे, आपल्याकडेच आली. पहिल्याच घरातून पाट मांडल्याचा आवाज आला. दुसऱ्या घरचे आजोबा तांब्या घेऊन बाहेर आले.

मी म्हटलं, "बसायला वेळ नाही हो, सुनावणी आहे."

"वेळ नाई आन् एवढे सावकाश चालले?" आजोबांनी विचारलं. मी तांब्यातलं पाणी प्यालो.

पुढं चहा आला. तो चालत्या मोटारीतच प्यालो आणि कपबशी चार घरं पुढं परत केली, कारण घरची सून तेवढं चालत सोबत आली होती. नियमाबद्दल तिचं मत विचारलं. म्हणाली, "लेकरं आंगनात खेळतात आता, कोंबड्या मरत नाईत. फक्त पाव्हण्याईचा चहा लई लागते." मी वहीत टिपून घेतलं आणि लगेच खोडलं, कारण पहिलं वाक्य आमच्या विरुद्ध जात होतं.

चार वाजून गेले. बैठक पुलापलीकडे जुन्या शहरातल्या शाळेत होती आणि मोर्णेचा पूल अजून दिसतही नव्हता. मी उतरून पळत जायचं म्हटलं, तेवढ्यात मागच्या काळ्या मोटारीतून कुणीतरी ओरडलं, "ओ वकील, कुठं निघालात? बैठक इथंच आहे."

मागच्या मोटारीत कमिटीचे अध्यक्ष बसले होते, शेजारी सेक्रेटरी. तेही दोनपासून जमादाराची वाट बघत नाक्यावर होते. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि सुनावणी सुरू केली. मी पुढच्या मोटारीत मागं तोंड करून उभा राहिलो आणि युक्तिवाद केला. सेक्रेटरी दोन मोटारींच्या मधून कागद घेऊन चालत होते. मी फुलांचं सांगितलं, कोमेजणाऱ्या शेवंतीचं सांगितलं. जमादाराच्या गुडघ्याचा मुद्दाही मांडला, आणि जमादारानं मागं न बघता मान हलवली.

शेवटी मी जोरात विचारलं, "मुळात या नियमासाठी अर्ज केला कोणी? मोटारीनं दुखावलेला असा माणूस तरी कोण?"

सेक्रेटरींनी कागद उलटले. "पहिला अंगठा पार्वताबाई माळीण यांचा. धंदा भाजी विकणे, राहणार बार्शीटाकळी, बसायची जागा मोर्णेच्या पुलाजवळ."

महादेवनं ब्रेक दाबला. मी मागच्या मागं आपटलो. जमादार एकटाच पुढं चालत गेला.

"मायी माय आहे ते," महादेव म्हणाला.

युक्तिवाद होईतो पूल आला होता, आणि माय समोरच होती. पुलाच्या तोंडाशी, वांग्यांच्या टोपलीमागं, मेथीवर पाणी शिंपडत. कायद्यानं साक्षीदार समोर असेल तर तपासावा लागतो. माझी इच्छा नव्हती, तरी मी विचारलं, "पार्वताबाई, मोटारीनं तुम्हाला काय इजा झाली?"

"काईच नाई."

"टोपली उडाली? धक्का लागला?"

"नाई बापा."

"मग अंगठा कशाला दिला?"

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, महादेवकडे पाहिलं. "महादू, बैलं होते तवा तू रोज इथं थांबे. बैल पानी पित, तू पानी पित, दोन गोष्टी बोले. मी तुया घरी राह्यतो, पन तुया गाडीत मालच मावते, मी शेजाऱ्याच्या बंडीत तुया आंधी निघतो, आन् रातच्याले तू झोपून राह्यतो. तुयं तोंड मले इथंच दिसे. मोटार आली तवापासून नियम निघेस्तोवर मले तुया धुरळाच दिसे."

"मंग मले सांगाचं ना माय," महादेव म्हणाला.

"कवा सांगू? तू गेला का निघून."

"आन् म्हणून साऱ्या गावच्या मोटारी?"

"एकटी तुयी हळू करा म्हनलं असतं, त लोक म्हनतील मायलेकाचं पटत नाई."

मी सतरा वर्षं वकिली करतोय. त्या दिवशी पहिल्यांदा उलटतपासणी अर्धी टाकून वही मिटली. महादेवचे हात चाकावर होते आणि त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, ते मी धुरळ्यावर ढकलतो.

अध्यक्षांना मागून यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की दोनपासून अडकलेले आपण अजून पुलाअलीकडेच आहोत. त्यांनी खिडकीतून तोंड काढून निकाल दिला, "नियम रद्द." मी खटला जिंकलो. इतका न आवडलेला विजय मला आठवत नाही.

जमादार परत आला आणि विचारू लागला, "मंग मी आता पुढं चालू का नको?"

"आजच्या दिवस चाला," अध्यक्ष म्हणाले.

रात्री जुन्या शहरात पक्षकाराच्या सोयऱ्यांकडे मुक्काम केला. सकाळी आगगाडीसाठी निघालो तेव्हा पुलावर मोटारी सुसाट सुटल्या होत्या, कोंबड्या ओरडत होत्या. आणि मधोमध एक मोटार झेंडूनं भरलेली, माणसाच्या पावलानं चालत होती. दारावर हात ठेवून पार्वताबाई शेजारून चालत कुणाच्या तरी म्हशीची हकीकत सांगत होती. मागं अध्यक्षांची काळी मोटार भोंगा वाजवत अडकली होती.

"अरे, नियम तर उठला," मी महादेवला म्हटलं.

"हाव साहेब. पन हिचं बोलनं कुठं उठलं? मी आता अर्धा तास आंधी निघतो."

येताना बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं यावं, डोकं शांत राहतं. माझं राहिलं नाही. आमचे वडील रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात. मी कचेरीतून सायकलवर येतो, घंटी वाजवतो, आणि ते मान वर करेपर्यंत मागल्या दारी पोचलेला असतो. हे किती वर्षं चाललंय, मोजवलं नाही.

त्या दिवशी कोपऱ्यावर उतरलो आणि सायकल हातात धरून चालत आलो. वडिलांनी चष्मा सारखा केला.

"पंक्चर झाली का रे?"

"हो," म्हटलं, आणि त्यांच्याजवळ बसलो. दिवेलागणीपर्यंत त्यांनी मला त्यांच्या पहिल्या सायकलची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशीही मी चालतच आलो. वडील पंप मांडीवर घेऊन वाट बघत बसले होते.