खळगा पडलेली ऐरण

आमचे शेजारी दिवाकरराव पांढरकर तहसिलीतून निवृत्त झाले आणि लोहारांच्या जुन्या ऐरणी जमवू लागले. व्हरांड्यात अकरा आहेत. पाहुण्यांनी चप्पल काढायची कुठे, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

राळेगावच्या अनसूयाबाई लोहारणीची ऐरण मात्र तीन वर्षं मिळत नव्हती. तीन पिढ्यांचे घाव झेलून तिला मधोमध खळगा पडलाय. त्या खळग्यासाठी हा माणूस झुरत होता.

"ऐरण तुमाले देऊन विळे मी काय मांडीवर ठोकू?" बाई दर वेळी हाकलायच्या.

एकदा विळीचं पातं ठोकून घ्यायला मीही सोबत गेले. न राहवून म्हणाले, "अहो, अकरा मुक्या बसवून ठेवल्यात, त्यातली एक द्या की यांना बदल्यात!"

दुसऱ्याच दिवशी बाई एसटीनं यवतमाळात दिवाकररावांच्या व्हरांड्यात हजर. प्रत्येक ऐरणीवर त्यांनी बेअरिंगचा छर्रा टाकून पाहिला. छर्रा जितका उंच उसळेल, तितकी ऐरण कामाची. सर्वांत उंच, खणखणीत आवाज करत उसळला तो नेमका दिवाकररावांच्या सर्वांत लाडक्या ऐरणीवर.

"हीच पायजे, भाऊ. सपाट हाय, अन् बोलते बी."

दिवाकररावांचा चेहरा पडला. मग खळगा आठवला असावा. "न्या," म्हणाले.

आता बाई मला हळूच सांगतात, "ताई, खड्डा पडलेली देऊन फसवलं मी त्याईले." इकडे दिवाकरराव खळग्यावरून हात फिरवत कुजबुजतात, "फसली बिचारी. सांगू नका हं तिला!"

मी दोघांपुढेही मान डोलावते. माझी विळी आता झकास चालते.