चैत्रालीचा प्रॉब्लेम

माणसं संध्याकाळी थकतात. आमची चैत्राली सकाळी उठते तीच थकलेली. गाडीत बसली की बूट काढते, पाय वर घेते आणि डोळे मिटते. मी ओरडले की मग सीटबेल्ट लावते. "अगं, पोलीस दंडाचं तिकीट देतील मला!" म्हटलं तर "सॉरी मावशी" म्हणते आणि पुन्हा डोळे मिटते.

मी तिची कुणी नाही. पार्सिपनीत तिच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहते, एवढंच. लायब्ररीतून रिटायर झाले, घरात नवऱ्याचा टीव्ही ऐकून कान किटले, म्हणून हिची ड्रायव्हर झाले. ती गावातल्या गावात गाडी चालवते, पण हायवे म्हटलं की तिचे हातपाय गळतात. आणि अमेरिकेत हायवेशिवाय हॉस्पिटल नाही, वाणसामान नाही, काही नाही.

ती डे-केअरमध्ये काम करते. दिवसभर लोकांची पोरं. त्यांचे लंगोट बदलायचे, त्यांना झोपवायचं, आणि पाच वाजता ती ज्यांची त्यांना परत द्यायची. खांद्यावर कुणाचं तरी दही सांडलेलं घेऊन घरी यायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली, स्वतःला मूल नाही. नवरा देवांग आयटीत आहे, चांगला मुलगा आहे. म्हणजे बोलत नाही. आपल्याकडे न बोलणाऱ्या पुरुषाला चांगला म्हणायची पद्धत आहे.

तिला पीसीओएस आहे. बीज वेळेवर सुटत नाही, पाळी आपल्या मर्जीने येते, कधी तीन-तीन महिने येतच नाही. इंजेक्शनं झाली, आयव्हीएफ एकदा झालं, फसलं. दुसऱ्यांदा करायची त्यांची ऐपत नव्हती आणि तिच्या अंगात त्राणही नव्हतं. सांगलीहून सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉल करून "काय, विशेष काही?" विचारतात. एकदा मी समोरच बसले होते. म्हटलं, विशेष म्हणजे आज भरली वांगी केली आहेत. चैत्राली हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

मग त्या स्टडीचं निघालं. युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलमध्ये अशा बायकांसाठी एक नवीन गोळी तपासत होते. बीज सुटावं, पाळी मार्गी लागावी, दिवस राहावेत म्हणून. अर्ध्या बायकांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसती साखरेची. कुणाला कुठली, ते डॉक्टरलासुद्धा ठाऊक नाही. मला हे काही पटलं नव्हतं. "तुझा काय उंदीर करताहेत का?" मी म्हणाले. ती म्हणाली, "मावशी, उंदीर तर उंदीर. फुकट तपासतात तरी."

आता 'प्रॉब्लेम' या शब्दाबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. आपल्या बायका पाळी आली असं सरळ कुठे म्हणतात? माझ्या आईच्या वेळी 'बाहेरची झाले' म्हणायच्या. माझ्या वेळी 'अडचण आहे'. मग आपण शिकलो-सवरलो, इंग्लिश झालो, आणि अडचणीचा प्रॉब्लेम झाला. 'मला प्रॉब्लेम आलाय, हळदीकुंकवाला येत नाही.' चैत्रालीचं अख्खं कॉलेज या शब्दावर निघालं. त्या स्टडीत पहिल्यांदा जी कोऑर्डिनेटर होती, दीपा, ती आपल्यातलीच, ठाण्याची. दर महिन्याला फोन करायची आणि विचारायची, "काय गं, प्रॉब्लेम आला का या वेळी?" चैत्राली सांगायची, आला, नाही आला, उशिरा आला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग दीपाच्या नवऱ्याची बदली लांब प्लेनोला झाली आणि तिच्या जागी शॅनन नावाची नर्स आली.

त्या गुरुवारी चैत्रालीला सुट्टी होती, आम्ही एडिसनहून वाणसामान घेऊन परत येत होतो. मागच्या सीटवर पोहे, गवार आणि दहा पाउंडांची कणीक. टू-एटी-सेव्हन हायवेवर नेहमीसारखी गाड्यांची रांग. शॅननचा फोन आला, चैत्रालीने स्पीकरवर टाकला.

"हाय चेट्राली! एनी प्रॉब्लेम्स धिस मंथ?"

"नो प्रॉब्लेम," चैत्राली म्हणाली. आवाज असा, की कुणी गेलंय. "लास्ट मंथ ऑल्सो नो प्रॉब्लेम."

"दॅट्स वंडरफुल! यू आर डुइंग ग्रेट!"

फोन बंद झाला. चैत्रालीने तोंड खिडकीकडे वळवलं. म्हणाली, "बाई चांगली आहे हो मावशी. पण दर वेळी वंडरफुल काय म्हणते? दोन महिने पाळीचा पत्ता नाही, यात वंडरफुल काय आहे? मला फार लागतं ते."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला. "अगं बये! ती तुझी पाळी विचारतच नाहीये! गोळीचा काही त्रास होतोय का, मळमळ, डोकेदुखी, ते विचारतेय! तिला वाटतंय तुझं सगळं छान चाललंय!"

चैत्राली माझ्याकडे बघतच राहिली. "पण दीपाताई तर..."

"दीपा मराठी होती गं!"

तिच्या फोनमध्ये पाळीच्या तारखा टाकायचं स्टडीचं अ‍ॅप होतं. पण पाळी आलीच नाही तर टाकणार काय? तिने ते कोरं ठेवलं, आणि पलीकडे त्यांना वाटलं, भरायला विसरते, बऱ्याचजणी विसरतात. आणि नियम काय होता? पाळी लांबली की घरी टेस्ट करायची, दिवस गेलेत असं दिसलं तर गोळी त्याच क्षणी बंद, आणि फोन. टेस्टच्या काड्यांचा डबा हॉस्पिटलनेच दिला होता.

"टेस्ट केलीस?" मी विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"मावशी, नऊ वर्षं करतेय. दर वेळी एकच रेघ. मला आता ती काडी हातात धरवत नाही. माझी पाळी नेहमीच चुकते, त्यात नवीन काय?" मग हळूच म्हणाली, "गोळी मात्र रोज घेतली. एकही दिवस चुकवली नाही."

पुढच्या एक्झिटला मी गाडी बाहेर काढली. औषधांचं दुकान दिसलं तिथे थांबले, काडी आणली आणि तिला म्हटलं, जा आत, दुकानाच्याच बाथरूममध्ये. ती म्हणे, घरी जाऊन करते. मी म्हटलं, घरी जाऊन तू झोपशील, मी ओळखते तुला. चिडून गेली. मी पार्किंगमध्ये उभी राहून कुणाकुणाला शिव्या घातल्या ते सांगत नाही. शॅननला घातल्या, दीपाला घातल्या, पाळीला पाळी म्हणायला लाजणाऱ्या आपल्या समस्त बायकांना घातल्या. त्यात मीही आलेच.

ती बाहेर आली तेव्हा काडी तिने दोन्ही हातांत धरली होती. दोन रेघा. ठसठशीत. ती रडत नव्हती, हसत नव्हती. नुसती म्हणाली, "मावशी, बघा ना नीट. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही." मीच रडले. पार्किंगमध्ये, भर दुपारी, शॉपिंग कार्टला धरून.

आनंद टिकला तो घरी पोचेपर्यंत. शॅननला फोन केला. ती म्हणाली, "आजपासून गोळी बंद. उद्या सकाळी या." आणि मग तीच रडायला लागली. "ओ माय गॉड, चेट्राली, आय थॉट यू मेन्ट..." मला तिच्याशी कडकडून भांडायचं होतं. पण तिने विचारलेलं चूक नव्हतं, आणि हिने दिलेलं उत्तरही चूक नव्हतं. भांडू कुणाशी? कर्म माझं.

दुसऱ्या दिवशी देवांग आणि मी, दोघंही तिच्याबरोबर गेलो. पडद्यावर काळ्या गोळ्यात तांदळाएवढं काहीतरी लुकलुकत होतं. ठोके. देवांगने चष्मा काढून पुसला आणि परत घातलाच नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, अशा वेळी कुठली गोळी चालली होती ते उघड करतात. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. खरी होती. साखरेची नव्हती.

"मग बाळाला काही...?" चैत्रालीने विचारलं.

डॉक्टर चांगल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्हाला माहीत नाही. गरोदरपणात कुणी ही गोळी इतके दिवस घेतलेलीच नाही. तू पहिली." अख्खं आयुष्य 'नाही, नाही' ऐकण्यात गेलेल्या पोरीला पहिली यायला हीच जागा मिळाली!

त्यानंतरचे आठवडे तिने कसे काढले ते मी पाहिलंय. कामाला जायची. कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही नाही. उलट्या व्हायच्या तेव्हा डे-केअरच्या बाथरूममध्ये नळ सोडून ठेवायची. मी वरणभात घेऊन जायचे तर दोन घास खायची आणि म्हणायची, "मावशी, मला उलटी झाली की बरं वाटतं. म्हणजे ते आहे." आनंद करायची तिला भीती वाटत होती, आणि भीती बोलून दाखवायची लाज. देवांग ऑफिसमधून तासातासाला 'ओके?' एवढाच मेसेज पाठवायचा. ती 'ओके' लिहायची. माझं मेलीचं तोंड एरवी बंद राहत नाही, पण मीसुद्धा बाळाचं नाव काढत नव्हते.

पुढच्या सोनोग्राफीला मीच घेऊन गेले होते. टेक्निशियन मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि मग "आय विल गेट द डॉक्टर" म्हणून उठली. चैत्रालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छताकडे बघत म्हणाली, "गेलं." तांदळाएवढं होतं त्याचं वालाएवढं झालं होतं, आणि लुकलुकणं थांबलं होतं.

गोळीमुळे झालं का? डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही. एरवीही कित्येकदा असं होतं, पीसीओएसमध्ये तर जास्तच. असेल, नसेल. तो प्रश्न चैत्रालीला जन्मभर पुरेल. शॅनन आता सगळ्या बायकांना स्पष्ट विचारते म्हणे, "डिड यू गेट युअर पीरियड?" चांगली गोष्ट आहे. पुढच्यांचं भलं होवो. मला तेव्हा त्या चांगल्या गोष्टीचा संताप आला, आणि अजूनही येतो.

महिन्याभराने शेवटच्या तपासणीला बोलावलं. सगळं साफ झालंय का बघायला. ते झालं, आणि निघताना डॉक्टर थांबल्या. म्हणाल्या, "एक गोष्ट तुला कळायला हवी. गोळीने तुझं बीज सुटलं होतं. नऊ वर्षांत जे झालं नाही ते झालं. औषध तुला लागू पडतं."

चैत्रालीचा चेहरा असा उजळला, मला वाटलं ही आता उठून नाचेल. "मग मला परत द्या ना," ती म्हणाली. "या वेळी मी दर आठवड्याला टेस्ट करीन. प्रॉमिस."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. ज्यांना एकदा दिवस गेले त्या या स्टडीत परत येऊ शकत नाहीत. आणि स्टडीबाहेर ती गोळी कुणालाच मिळत नाही. विकत नाही, प्रिस्क्रिप्शनवर नाही, भारतात नाही, कुठेच नाही. गोळीची अजून मोठी तपासणी व्हायची आहे, मग मंजुरी. चार वर्षं. कदाचित पाच. त्यातून मंजुरी मिळालीच तर.

"पण तिला लागू पडतंय ना!" मी ओरडले. "तुमच्या कपाटात पडलंय ते! कपाटात!"   स्टडीच्या हिशेबात चैत्रालीच्या नावापुढे 'गर्भ राहिला' असंच लागणार. औषधाचं यश. चैत्रालीनेच माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं.

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली नाही.  तिने या वेळी डोळे मिटले नव्हते. सरळ समोर बघत होती.

"मावशी, म्हणजे मला होऊ शकतं," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे होणारच नाही. पण होऊ शकतं."

"हो गं बाळा."

"आणि गोळी येईल ना कधीतरी? दुकानात?"

"येईल की."

"मग थांबते मी."

मार्चमध्ये तिला एकोणचाळिसावं लागलं. त्यात चार मिळवले तर किती आणि पाच मिळवले तर किती, ते तिलाही कळतं आणि मलाही कळतं.  मी म्हणाले, "थांब," आणि गाडी सुरू केली.