घरी विचारून कळवतो

सायली, निखिल,

तुमच्या आजोबांशी लग्न होण्याआधीची ही गोष्ट. रोटेगाव स्टेशनवर आम्ही पहाटेच पोचलो. वैजापूरहून बैलगाडीत बसून अंग आंबलं होतं, तरी मी खुशीत होते. औरंगाबादच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिका हवी होती आणि मी मॅट्रिक झाले होते. ‘नोकरी लागली तर लग्नाचा विषय वर्षभर काढणार नाही,’ असं वडिलांनी कबूल केलं होतं. ते आजारी, म्हणून सोबतीला मामा आले. मामांना सगळे मुलगेच. त्यांची लग्नं जमवून मामा बोलणी करण्यात तरबेज झाले होते.

“मला काय विचारतील हो?”

“तू लिहिण्या-वाचण्याचं बघ. बोलायचं माझ्याकडं लागलं.”

दौलताबादचा किल्ला खिडकीतून मागे गेला. औरंगाबादला उतरून पडद्याचा टांगा केला. टांगेवाला म्हणाला, “शाळेत जागेसाठी व्हय? सकाळपासून लई बाया सोडल्या तिथं.”

मी मनातल्या मनात उर्दूचे धडे घोकू लागले.

तेव्हा तिथला कारभार उर्दूतून चाले, म्हणून पहिली परीक्षा उर्दू वाचनाची. उर्दू शिकवणारे मुन्शीजी पडद्याआडून ऐकत होते. मी वाचून थांबले, तेव्हा पलीकडून आवाज आला, “लहजा वैजापूर का है बीबी, मगर चलेगा.” बाकीच्या उमेदवार हसल्या, मीही हसले.

मग तिसरीच्या वर्गावर धडा. अपूर्णांक शिकवायला मी डब्यातली दशमी काढून तिचे चार तुकडे केले. मुली उर्दू-मराठी मिसळून ओरडत होत्या, “बाई, मला पाव!” तास संपला तेव्हा दशमी उरली नव्हती. त्या गोंगाटात मला पहिल्यांदा वाटलं, हीच माझी जागा.

दुपारी मला एकटीलाच थांबवलं. सदर मुदर्रिसा (मुख्याध्यापिका) गोऱ्यापान, वयस्कर, फार अदबशीर. माझ्याशी इंग्रजीत बोलल्या आणि मान डोलावली. शेवटचा टप्पा पालकाच्या संमतीचा. पडद्यापलीकडे मामा बसले होते. बाईंनी विचारलं, “भाईसाहब, जागा आम्ही हिलाच देतो. आपकी इजाजत हो तो सोमवारपासून येऊ द्या.”



मामांनी घसा खाकरला आणि वरपक्षाच्या संथ आवाजात म्हणाले, “घरी विचारून कळवतो.”

बाईंचा चेहरा किंचित बदलला. त्यांच्या रिवाजात हा सभ्य नकारच होता. “जैसी आपकी मर्जी,” म्हणत त्यांनी मला निरोपाचं पान दिलं. वडीलधाऱ्यांच्या वर बोलायची आमची रीत नव्हती. पान मुठीत चुरगळलं.

परतीच्या गाडीत मामा सीताफळ फोडत होते. “लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही, पोरी. बघ, निरोप येतो की नाही.”

निरोप आला नाही. वडिलांनी होकार कळवला तोवर जालन्याची एक मुलगी रुजू झाली होती. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. तुमचे आजोबा फार भले, तक्रार नाही. पण ‘बाई, मला पाव!’ अजून कानात येतं.

निखिल, परवा तू फोनवर सांगितलंस, मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या पार पडल्या, मनासारखी नोकरी देताहेत, आणि तू त्यांना म्हणालास, विचार करून सांगतो. फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. बाळा, हो म्हणायचं असेल तर आजच म्हणून टाक.